धुरांड्याचे काम उक्ते देताना



होळी झाली, खळी आटोपली, की खेड्यात घरदुरुस्तीचे दिवस येतात. कौले परतायची, भिंतींना गिलावा करायचा, न्हाणीची फरशी बदलायची, ही सारी कामे मृग लागायच्या आत उरकावी लागतात. अलीकडे या कामांत स्वयंपाकघराची भर पडली आहे. घरचा एक मुलगा मुंबईत असतो. कोणी घाटकोपरला माथाडी कामात, कोणी अंधेरीच्या कारखान्यात, कोणी बोरिवलीला रिक्षा चालवतो, कोणी मुलुंडला दुकानात असतो. दोन-तीन वर्षांची शिल्लक तो गावी पाठवतो आणि फोनवर सांगतो, "आईचे स्वयंपाकघर एकदाचे नीट करून घ्या." गावचा ठेकेदार रक्कम सांगतो, मुलगा हो म्हणतो आणि काम सुरू होते. ओटा होतो, फरशी होते, भिंतींना रंग लागतो. शेवटी कोपऱ्यात नवी चूल होते आणि तिच्यामागे एक नळ उभा राहतो.

गणपतीला मुलगा बायकामुलांसह येतो. स्वयंपाकघर चकचकीत असते आणि आई मागच्या पडवीत तीन दगडांवर भाकरी भाजत बसलेली असते. मुलगा विचारतो, "आई, इथे का बसलीस?" ती म्हणते, "अरे, त्या नव्या चुलीचा धूर घरातच फिरतो. पांढऱ्या भिंती काळ्या होतील."

ठाणे जिल्ह्यात शेती विस्ताराच्या कामासाठी गावोगाव हिंडताना ही गोष्ट मी एका नव्हे, कितीतरी घरांत पाहिली आहे. पैसे गेले आणि धूर राहिला. म्हणून या खेपेस खत-बियाणे बाजूला ठेवून धुरांड्याविषयी लिहितो.

गॅस आहे, मग चूल कशाला?

असे शहरातले लोक विचारतात. केंद्र सरकारची उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि गरीब घरांतही गॅस पोहोचला. ही मोठी गोष्ट झाली. तरी खेड्यात चूल विझलेली नाही. आंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण, भात उकडणे, लग्नकार्याचा स्वयंपाक ही कामे सिलिंडरवर परवडत नाहीत. तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, नारळाच्या झावळ्या, गोवऱ्या हे जळण घरचे असते आणि सिलिंडर भरायला रोख पैसे लागतात. फार काय, मुंबईच्या पोटातही चूल आहे. गोरेगावची आरे दुग्ध वसाहत आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान यांतल्या आदिवासी पाड्यांवर आजही कित्येक घरी लाकूडफाट्यावर स्वयंपाक होतो.

चूल राहणार असेल तर तिचा धूर तरी घराबाहेर गेला पाहिजे. हा प्रश्न भिंती काळ्या होण्यापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या चुलीच्या धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत ५ वर्षांच्या आतली मुले २ लाख ३७ हजारांच्या वर होती. सर्वांत जास्त धूर जाळ घालणारी बाई खाते आणि तिच्या मांडीवरचे मूल खाते. जुनाट खोकला, दमा, डोळ्यांची आग, मोतीबिंदू, तान्ह्या मुलांना होणारा न्यूमोनिया यांचा या धुराशी संबंध आहे. आजी चाळीस वर्षे खोकली आणि आपण त्याला वयाचा खोकला म्हणत राहिलो.

मागचा अनुभव काय सांगतो?

बिनधुराची चूल आपल्याकडे नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कामातून 'मगन चूल' निघाली. पुढे १९५० च्या सुमारास हैदराबादच्या प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुरांड्याच्या चुलीवर काम केले. सरकारनेही १९८३ पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ साली केंद्राने तो थांबवला तोवर देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बांधल्याची नोंद झाली होती. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने दोन भांड्यांची, धुरांड्याची 'लक्ष्मी' चूल साच्यातून काढली. साचा असला की माप गवंड्याच्या अंदाजावर राहत नाही.

एवढ्या चुली बांधल्या, त्या कोठे गेल्या? बऱ्याचशा दोन-तीन वर्षांतच मोडल्या. काहींची धुरांडी काजळीने भरली आणि ती झाडायची असतात हे घरच्यांना कोणी सांगितलेच नव्हते. बांधणाऱ्याला चुलीच्या संख्येवर मजुरी मिळे, त्यामुळे पुढची चूल बांधण्याची घाई असे. मुरबाड तालुक्यात एका घरी मी पाहिले, चुलीची दोन्ही तोंडे आठ-आठ इंचांची आणि घरातले भाताचे पातेले त्याच्या दीडपट रुंद. बाईने पारईने चुलीचा काठ फोडून घेतला होता. पातेले बसले, पण धूर भांड्याच्या कडेने वर येऊ लागला. बाईचे काही चुकले नव्हते. चूल बांधताना तिचे पातेले कोणी मोजायला मागितलेच नाही.

आज सरकारी चूल नाही, तुम्ही स्वतःच्या पैशाने काम करून घेता. तरी चूक तीच होते. ठराव मुंबईत बसलेल्या मुलाशी होतो, पैसे तो देतो, काम ठेकेदार करतो आणि चुलीपुढे बसणारीला शेवटी नुसते दाखवले जाते. माझे पहिले सांगणे हेच, की चुलीचा आणि धुरांड्याचा ठराव ठरेल त्या वेळी घरची करती बाई समोर बसलेली पाहिजे. काम पुरे झाले की नाही हेही तिनेच ठरवायचे.

धुरांडे धूर ओढते कसे?

हे एकदा समजले की ठेकेदार तुम्हांला भुलवू शकणार नाही. तापलेली हवा हलकी होते आणि वर चढते. नळातली गरम हवा वर गेली की तिच्या जागी चुलीच्या तोंडातून नवी हवा आत येते आणि जाताना धूर घेऊन जाते. हीच ओढ. नळ जितका उंच, सरळ आणि गरम, तितकी ओढ जास्त. नळ आखूड, वाकडा किंवा थंड असला की ओढ कमी.

यावरून चार गोष्टी निघतात.

पहिली, नळ चुलीच्या मागून सरळ वर जावा. पुष्कळ गवंडी छप्पर फोडायला नको म्हणून नळ काटकोनात वळवून भिंतीतून बाहेर काढतात आणि पागोळीच्या खालीच सोडतात. वारा समोरून आला की सगळा धूर उलटून घरात येतो. वळण घ्यावेच लागले तर ते तिरके, अर्ध्या काटकोनाचे असावे, आणि एकाहून जास्त वळणे नकोत.

दुसरी, नळ पुरेसा उंच असावा. चुलीपासून टोकापर्यंत १० फुटांहून कमी नको. जगभर बांधकामात पाळतात तो नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. छपरातून जेथे बाहेर पडतो तेथून नळ निदान ३ फूट वर असावा, आणि १० फुटांच्या अंतरात छपराचा जो भाग सर्वांत उंच असेल त्याच्याहून २ फूट वर असावा. आढ्याच्या जवळून नळ काढला तर कमी नळात काम भागते.

तिसरी, नळाची जाडी. घरगुती दोन भांड्यांच्या चुलीला आतून ३ ते ४ इंच व्यासाचा नळ लागतो. त्याहून अरुंद नळ काजळीने लवकर बुजतो. फार रुंद नळात हवा थंड पडते आणि ओढ मंदावते. पाणी तापवायच्या मोठ्या चुलाणाला रुंद नळ लागतो. त्याचे धुरांडे वेगळे करावे, एकाच नळात दोन्ही जोडू नयेत.

चौथी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बाहेर जाणाऱ्या हवेइतकी हवा आत यावी लागते. जुन्या कौलारू घरात ती फटींतून येत असे. आता स्लॅब, गिलावा आणि सरकत्या काचेच्या खिडक्यांनी घर डब्यासारखे बंद होते. खिडकी मिटली की धुरांडे ओढत नाही आणि दोष मात्र चुलीला लागतो. चुलीच्या जवळ भिंतीत खाली जाळीचा एक झरोका ठेवून घ्या. त्याच खोलीत हवा बाहेर फेकणारा विजेचा पंखा बसवू नका. पंखा जोरदार असतो, तो धुरांड्यातला धूर खाली खेचून घरात आणतो.

तीन कारागीर, एक धुरांडे

धुरांडे बिघडण्याचे खरे कारण मला असे दिसले, की ते कोणा एकाचे काम नाही. चूल गवंडी बांधतो. नळ पत्र्याचे काम करणारा आणतो. छपराला भोक सुतार पाडतो आणि कौले लावणारा ते बुजवतो. मग धूर कोंडला की गवंडी म्हणतो नळ आखूड आहे, पत्रेवाला म्हणतो चुलीचे बोगदे चुकले, आणि पावसात गळू लागले की सुतार म्हणतो, "मी नुसते भोक पाडले, टोपी माझ्याकडे नव्हती." तिघेही खरे बोलत असतात आणि घरमालक फसलेला असतो.

म्हणून चूल, नळ, छपरातली वाट आणि टोपी हे सगळे मिळून एक काम समजा आणि ते एकाच माणसाच्या अंगावर द्या. त्याने पुढे कोणालाही हाताशी घ्यावे. धूर निघाला नाही किंवा पाणी गळले तर जबाब त्यानेच द्यायचा. रोजंदारीवर काम देऊ नका. रोजंदारीत दिवस मोजले जातात, धूर मोजला जात नाही.

माणूस निवडताना गोड बोलण्यावर जाऊ नका. त्याने आधी धुरांडे बांधलेली दोन घरे विचारून घ्या. निदान एक पावसाळा काढलेले असे घर बघा. संध्याकाळी, चूल पेटलेली असताना जा, आणि घरातल्या वहिनींना विचारा, "धूर कसा आहे? नळ झाडता येतो का? पावसात गळते का?" या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की मालकाच्या शिफारशीची गरज उरत नाही.

कागदावर काय लिहावे?

गावात कागद करायचा म्हटले की अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. पण जमिनीच्या वाट्याचा कागद आपण भावाभावांत करतोच. वहीच्या एका पानावर पुढील गोष्टी लिहा, दोघांनी सही करा आणि त्याचा फोटो मुंबईच्या मुलाला पाठवा.

१. चुलीची मापे. घरातले नेहमीचे भाताचे पातेले, कालवणाचे भांडे आणि तवा गवंड्यासमोर ठेवा. चुलीची तोंडे या भांड्यांच्या मापाने करायची. भांडे नीट बसले तरच धूर मागच्या वाटेने जातो. वैलावर भांडे नसेल तेव्हा झाकायला एक झाकणही करून मागा.

२. चुलीचा माल. जाळाच्या आत सिमेंट टिकत नाही, तडकते. आतून विटा आणि माती, त्यावर भुसा-शेण मिसळलेल्या मातीचा लेप हेच बरे. बाहेरून हवा तर गिलावा करा.

३. नळाचा माल. जस्ती पत्र्याचा, भाजलेल्या मातीचा किंवा विटांचा नळ चालतो. प्लॅस्टिकचा पाण्याचा नळ कधीही लावू देऊ नका. काही ठिकाणी स्वस्तात पडतो म्हणून वरच्या भागाला तोच जोडतात. तो उष्णतेने वाकतो, जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. सिमेंट-अॅस्बेस्टॉसचे नळ पूर्वी सर्रास वापरीत. ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना फार घातक असते. घरात जुना तसा नळ असेल तर तो फोडू-कापू नका, ओला करून अख्खाच काढून घ्या.

४. लाकडापासून अंतर. एकेरी पत्र्याचा नळ वासे, रीप, माळा यांपासून दीड फूट दूर असावा. छपरातून जाताना एवढे अंतर राहत नाही, तेथे आजूबाजूचे लाकूड कापून पत्र्याची चौकट बसवावी. गवताचे किंवा झावळ्यांचे छप्पर असेल तर अधिक जपा. नळ छपरातून न नेता भिंतीच्या बाहेरून, छपरापासून दूर उभा केलेला बरा.

५. छपरातली वाट. कौलांच्या जागी भोक पाडलेला पत्रा घालायचा. त्याची वरची कड वरच्या कौलाखाली आणि खालची कड खालच्या कौलावर आली पाहिजे. नळाभोवती पत्र्याची कॉलर हवी. नुसते सिमेंट थापले तर पहिल्याच उन्हाळ्यात ते सुटते आणि पावसात गळते. स्लॅबचे घर असेल तर स्लॅब भरायच्या आधीच मोठा नळ उभा करून भोक राखून घ्या. मागाहून घणाने फोडले तर सळई उघडी पडते. घरकुल योजनेत घर बांधत असाल तर हे पहिल्याच दिवशी सांगा. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेच्या २५ चौरस मीटर घरात स्वयंपाकाची जागाही धरलेली आहे.

६. टोपी. वर पाऊस अडवणारी टोपी पाहिजे, आणि नळाचे तोंड व टोपी यांत नळाच्या रुंदीइतकी तरी फट पाहिजे. टोपी तोंडावर टेकली की धूर कोंडतो.

७. झाडायचे दार. नळाच्या तळाशी उघडता येणारे लहान दार असावे, म्हणजे वरून झाडलेली काजळी तेथून काढता येते. हे दार नसले तर धुरांड्याचे आयुष्य एका वर्षाचे समजा.

८. मुदत. काम कोणत्या तारखेपर्यंत पुरे करायचे, आणि पुढील एका वर्षात धूर कोंडला किंवा गळले तर पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचे, हे स्पष्ट लिहा.

पैसे कसे द्यावेत?

मुंबईचा मुलगा लांब असतो, म्हणून ठेकेदार अर्ध्याहून जास्त उचल मागतो आणि फोनवरून पैसे पटकन जातातही. मी लोकांना साधा हिशेब सांगतो. ठराव १०० रुपयांचा धरा. माल जागेवर आला की ३०. नळ छपराबाहेर निघून छप्पर बंद झाले की ४०. चूल पेटवून चाचणी पटली की २०. राहिलेले १० पहिले दोन जोराचे पाऊस पडून गेल्यावर. चांगला कारागीर या ठरावाला नाही म्हणत नाही, कारण त्याला आपल्या कामाचा भरवसा असतो. जो फारच कुरकुर करील त्याच्याविषयी विचार करा.

मुंबईच्या मुलाने एक लक्षात ठेवावे. ठेकेदार फोनवर स्वयंपाकघराचे छान फोटो पाठवतो, पण फोटोत धूर दिसत नाही. शेवटचे दोन हप्ते आईने "पाठव" म्हटल्याशिवाय पाठवू नयेत.

चाचणी कशी घ्यावी?

चाचणीला नवा माणूस नको, मोठा खर्च नको. चूल पुरी वाळू द्या, आठ-दहा दिवस तरी. मग ठेकेदाराला समोर बसवा.

चुलीवर दोन्ही भांडी पाणी भरून ठेवा. धुरांड्याच्या तळाच्या दारात मूठभर वाळका पेंढा पेटवून नळ गरम करा आणि दार लावून घ्या. सकाळी धुरांडे थंड असते तेव्हा पहिला धूर परत येतो, तो या उपायाने येत नाही. मग नेहमीसारखा जाळ घाला. जाळ लागला की चुलीच्या तोंडाशी पेटलेली उदबत्ती धरा. तिचा धूर आत ओढला गेला पाहिजे. भांड्यांच्या कडेने, नळाच्या सांध्यांवर, जेथे नळ चुलीला मिळतो तेथे उदबत्ती फिरवा. फट असेल तर तेथे धूर हलताना दिसेल. नंतर खिडकी आणि दार मिटून हेच करा, मग उघडून करा. घरी रोज जे जळण असते तेच चाचणीला वापरा. ठेकेदाराने आणलेल्या खडखडीत वाळलेल्या ढलप्यांवर कोणतीही चूल चांगली चालते.

चाचणीचा शेवटचा भाग वहिनींनी करायचा. त्या दिवशीची संपूर्ण भाकरी-भाजी त्या चुलीवर करून बघायची. भाकरी चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यावर शेकता आली पाहिजे. तोंड फार लहान केले तर भाकरी फुगत नाही आणि चार दिवसांत ती बाई पडवीतल्या दगडांकडे परत जाते.

काम झाल्यावर

धुरांडे बांधून झाले तरी त्याची देखभाल बैलगाडीच्या वंगणासारखी चालू ठेवावी लागते. पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने, चूल थंड असताना, लांब काठीला काथ्याचा बोळा बांधून नळ झाडावा. काजळी साचली की ओढ कमी होते आणि कधी ती काजळीच नळात पेट घेते. ओले सरपण जाळले की काजळी फार धरते. नुकत्या तोडलेल्या लाकडात अर्ध्याच्या आसपास वजन पाण्याचे असू शकते. ते पाणी उडवण्यात जाळ खर्च होतो आणि धूर वाढतो. पावसाळ्याचे सरपण वैशाखातच फोडून, आडोशाला रचून ठेवावे.

आता माझ्या खात्याशी जवळचे असे एक सांगतो. आपल्या आजीने चुलीवरच्या शिंक्यात मक्याची कणसे, दुधी-भोपळ्याचे बी, वाल-पावट्याचे बियाणे उगाच टांगलेले नव्हते. धुराने आणि उबेने ते कोरडे राही, त्याला कीड लागत नसे. छपराचे वासे आणि बांबूही धुरामुळे टिकत. धुरांड्याने धूर बाहेर गेला की हे संरक्षणही जाते. पुष्कळ घरांत नव्या चुलीच्या पहिल्याच वर्षी बियाण्याला भुंगा लागतो आणि मग "जुनी चूलच बरी होती" असे म्हटले जाते. यावर उपाय आहे. बियाणे कडक उन्हात वाळवून दाताखाली कट्कन फुटते का ते बघावे. ज्वारी-भातात १२ टक्क्यांहून आणि कडधान्यात ९-१० टक्क्यांहून जास्त ओल राहू नये. थंड झाल्यावर ते घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत, चाळलेली कोरडी राख किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून, फळीवर ठेवावे. वाशांना पीठ पडते का ते दर वर्षी पाहावे. कोकणात काजूच्या टरफलाचे तेल लाकडाला लावतात, ते चांगले. मात्र नळाजवळच्या लाकडाला तेल लावू नये, ते पेट घेते.

मुंबईच्या बिऱ्हाडासाठी दोन शब्द

मी स्वतः मुलुंडला राहतो, म्हणून हे लिहिणे भाग आहे. गावच्या धुरांड्याचे पैसे पाठवणारा मुलगा उपनगरातल्या आपल्या खोलीचीही दुरुस्ती काढतो. तेथे चूल नसते, पण न्हाणीत गॅसचा गिझर लावला जातो. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही. २०२० च्या जानेवारीत बोरिवलीत एक शाळकरी मुलगी अशीच न्हाणीघरात दगावली. दुरुस्ती करताना ठेकेदार न्हाणीची जुनी जाळी काढून घट्ट काच लावतो आणि गिझर मात्र आतच राहतो. दिसायला सुंदर, पण जिवाशी खेळ. गॅसचा गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा. आतच लावायचा असेल तर त्याचा जळका वायू नळाने थेट बाहेर नेलेला असावा आणि खालून-वरून हवा खेळती असावी. ज्यांच्याकडे नळाने गॅस येतो त्यांनी तो नळ कपाटात किंवा भिंतीत बुजवू नये. त्यात फेरफार करायचा तर गॅस कंपनीच्याच माणसाला बोलवावे.

गावी बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपणे हा तोच धोका आहे. थंडीच्या दिवसांत बाळंतिणीच्या खोलीत हे हटकून होते. शेगडी द्यायची तर झरोका उघडा ठेवा आणि झोपण्यापूर्वी ती बाहेर काढा.

शेवटी, यंदा घरी स्वयंपाकघराचे काम काढणार असाल तर पाडव्याच्या सुमारास ठेकेदाराला बोलवा, म्हणजे मृगापूर्वी चूल वाळून तिची चाचणीही होईल. बोलवाल त्या दिवशी फरशीचा रंग ठरवण्याआधी घरच्या बाईला तिची भांडी घेऊन पुढे बसवा, आणि मुंबईच्या मुलालाही तसे कळवा. पुढील अंकी मृगाच्या पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण घरच्या घरी कशी तपासावी, हे पाहू.